खारवणे जेट्टीवरचे तीन दशांश सेकंद

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०३६. सकाळी आठ वाजून सतरा मिनिटांनी दिवसाची पहिली फेरीबोट फणसोट्याहून येऊन खारवणे जेट्टीला लागली. लागताना नेहमीपेक्षा मोठा आवाज झाला. उतरायला दाराशी उभ्या असलेल्या एकवीस प्रवाशांपैकी सहा जण पडले. पाच जण कपडे झटकत उठले. सहाव्या, मंगला आयरे, वय त्रेपन्न, खारवण्याच्या अंगणवाडीतल्या सेविका. त्यांचे डोके दाराजवळच्या लोखंडी खुंटावर आपटले होते. त्या उठल्या नाहीत.

बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, नव्हता. गेली अडीच वर्षे खाडीवरच्या एकाही फेरीबोटीवर तांडेल नसतो. बोट स्वतःच सुटते, स्वतःच लागते. खारवण्याची माणसे तिला अजून ‘बिनतांडेलाची’ म्हणतात.

प्रणिता तोडणकर पावणेदहाला जेट्टीवर पोहोचली. खाडी जलसेवा मंडळात ती धडक-तपासनीस होती. बोट जेट्टीला लागते तीही शेवटी एक धडकच असते, फक्त ठरवून मारलेली. खाडीवरच्या बारा जेट्ट्यांवर रोज होणाऱ्या अशा अडीचशेक धडकांवर लक्ष ठेवणे हे तिचे काम. वय बेचाळीस. गेल्या दोन आठवड्यांत तिला एकही सुट्टी मिळाली नव्हती, कारण गुरुवारी बाहेरचे परीक्षक तपासणीला यायचे होते.

मंगलाताईंना घेऊन रुग्णवाहिका कधीच गेली होती. जेट्टीवर दोन पोलीस होते, दहा-बारा बघे होते आणि पायरीवर गुडघ्यांना हातांची मिठी घालून धाकू पावसकर बसला होता. धाकू एकोणसाठ वर्षांचा. जुन्या लाँचवरचा खलाशी. लाँच बंद झाल्यावर मंडळाने त्याला जेट्टी मदतनीस केले. फाटक उघडायचे, म्हाताऱ्या माणसांना हात द्यायचा, एवढे काम. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

प्रणिताला बघून तो उठला नाही. “बाय,” तो म्हणाला, “काल रात्री शेवटची बोट गेली आणि मी काढला तो.”

पोलीस ऐकण्याच्या अंतरावर नव्हते. तरी तिने मान फक्त हलवली आणि ती बोटीत शिरली.

बोटीच्या पोटात नोंदयंत्र होते. तिने आपल्या डिजिटल पाटीवर आकडे उतरवून घेतले. बोटीचे वजन माणसांसकट चोवीस टन. लागतानाचा वेग सेकंदाला साठ सेंटिमीटर. बोट जेट्टीला टेकल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ तीन दशांश सेकंद. सरासरी बल अठ्ठेचाळीस हजार न्यूटन. मर्यादा बारा हजारांची.

ती तिथेच एका बाकावर बसली. वेगाचा आकडा तिने पुन्हा वाचला. साठ. तिच्या आठवणीत तो पंधरा होता.

हे गणित नववीच्या पुस्तकातले आहे. चालत्या वस्तूच्या अंगात संवेग असतो, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वस्तू थांबवायची म्हणजे तो संवेग तिच्यातून काढून घ्यायचा. किती काढायचा ते आधीच ठरलेले असते. किती वेळात काढायचा एवढेच आपल्या हातात राहते. संवेगाला त्या वेळाने भागले की सरासरी बल मिळते. वेळ दुप्पट झाला की बल निम्मे. होडीतून फेकलेली माशांची जड पाटी झेलताना खारवण्याच्या बायका हात पाटीबरोबर खाली नेतात, त्या हेच करतात. ज्या नवख्या बाईने हात ताठ धरले, तिची मनगटे संध्याकाळपर्यंत ठणकतात.

बोटीला हेच गणित शिकवले होते. प्रत्येक वेळी जेट्टीला लागली की ती स्वतःचे सरासरी बल काढी. बारा हजारांच्या आत असले की पुढच्या खेपेला वेग केसभर वाढवी. बारा हजारांच्या जवळ आले की थांबे. शेवटचे सहा मीटर पंधराच्या वेगाने कापायला चाळीस सेकंद लागतात, साठच्या वेगाने दहा. दिवसाच्या बावीस खेपांत अकरा मिनिटे वाचतात. मंडळाला ती मिनिटे हवी होती.

प्रणिताने वेगाची अडीच वर्षांची नोंद उघडली. ही नोंद तिने आजवर कधी उघडली नव्हती. तिच्या कचेरीतल्या पडद्यावर प्रत्येक जेट्टीपुढे फक्त सरासरी बल दिसे, हिरव्या नाहीतर लाल अक्षरांत. खारवणे कायम हिरवे. तिला भागाकार दिसत होता. कशाला कशाने भागले ते दिसत नव्हते.

पहिल्या महिन्यात वेग पंधरा, वेळ तीन दशांश, बल बारा हजार. अगदी मर्यादेवर, बांधणाऱ्यांनी ठरवले होते तसे. दुसऱ्या महिन्याच्या नऊ तारखेला वेळ एकदम एक पूर्णांक दोन दशांश सेकंदावर गेला. चौपट. बल उतरून तीन हजार. बोटीच्या लेखी त्या दिवशी जेट्टी मऊ झाली होती. मग ती सावकाश, दर आठवड्याला थोडी थोडी, वेग वाढवत गेली. पंधराचे वीस, विसाचे तीस, तिसाचे साठ. साठला बल पुन्हा बारा हजार झाले आणि ती थांबली. यंत्राने एकही चूक केली नव्हती.

जेट्टी मऊ झालेली नव्हती. धाकूने तिथे टायर सोडला होता.

जीपचे दोन जुने टायर एकाला एक बांधून, आत फाटकी जाळी आणि काथ्या ठासून केलेले ते गाठोडे होते. ते दोरीने जेट्टीच्या पाण्याकडच्या अंगाला लोंबत असे. भरती चढली की धाकू दोरी ओढून घेई, ओहोटीला सोडी, म्हणजे बोटीची कड नेमकी त्यावर बसावी. लाँचच्या दिवसांत प्रत्येक खलाशी हे करायचा. नव्या जेट्टीला कारखान्यातून आलेली रबरी पट्टी होती आणि नियमाप्रमाणे दुसरे काही लावायला मनाई होती. कॅमेरे फाटकाकडे बघत होते. पाण्याकडे बघणारे कोणी नव्हते.

प्रणिताला हे सोमवारी कळले होते, अपघाताच्या आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला.

गुरुवारच्या तपासणीआधी ती सगळ्या जेट्ट्यांवरून एक फेरी मारत होती. खारवण्याला आली तेव्हा खांबाला बांधलेली दोरी दिसली. ओढून पाहिली तर हलेना.

“ओढ, ओढ,” धाकू मागून हसत म्हणाला. “तुझ्या बापाला एका हातानं जमायची.”

प्रणिताचे वडील, आबा तोडणकर, लाँचवर तांडेल होते. धाकूने त्यांच्या हाताखाली अठरा वर्षे काढली. प्रणिता पाचवीपासून दहावीपर्यंत फणसोट्याच्या शाळेत जायची ती त्याच लाँचने, आणि उतरताना तिचे दप्तर धाकूच्या खांद्यावर असे. आबांना जाऊन सात वर्षे झाली. त्यांना खांदा देणाऱ्यांत धाकू होता.

“हे कधीपासून आहे, तात्या?”

“बोट आली तेव्हापासून. पहिल्या महिन्यात कशी धपकन लागायची! भागीरथी म्हातारी एकदा बसल्या जागेवरून घरंगळली. मी म्हटलं, यंत्राला अक्कल येईपर्यंत आपली वापरू.”

ते दोघे फाटकाशेजारच्या टपरीवर चहा प्यायले. नियम तिला तोंडपाठ होता. जेट्टीच्या अंगावर काहीही लावले, काढले, बदलले, तर तपासनिसाने लेखी नोटीस काढून यंत्रणेत नोंद करायची. नोंद झाली की बोट आपोआप पहिल्या पंधराच्या वेगावर येते आणि सगळे नव्याने शिकते. पण नोटिशीत जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव भरल्याशिवाय ती पुढे सरकत नाही, आणि ते नाव थेट त्याच्या सेवापुस्तकात उमटते. पाच महिने राहिलेल्या माणसाच्या. आबांच्या खलाशाच्या.

तिने नोटीस काढली नाही. ती म्हणाली, “तात्या, गुरुवारी बाहेरची माणसं येतायत. त्यांना दिसलं तर तुमच्यावर येईल. तेवढं काढून ठेवा.”

“काढतो. शेवटची बोट गेली की काढतो.”

टायर निघाला की जेट्टी पूर्वीसारखी होईल, असे तिने धरले. जेट्टी खरोखरच पूर्वीसारखी झाली. बोट पूर्वीची राहिली नव्हती, आणि तिला कोणी काही सांगितले नव्हते.

•

मंडळाचे तांत्रिक प्रमुख विनय केळशीकर यांची कचेरी तालुक्याच्या गावी होती. त्यांनी प्रणिताला दुपारी दोनला बोलावून घेतले. टायरची गोष्ट जेट्टीवरून त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. टेबलावर एक कागद तयार होता.

“बसा, तोडणकर. चहा?”

“नको, सर.”

“घ्या हो. आज जेवण काही तुमच्या-माझ्या नशिबात नाही. सकाळपासून मंत्र्यांच्या कार्यालयातून तीन फोन. तिघांनी एकच प्रश्न विचारला, तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली.” त्यांनी कागद पुढे सरकवला. “हे बघा. तुमच्या अहवालात हे एक वाक्य आलं की बाकी काय हवं ते लिहा.”

तिने वाचले. ‘जेट्टी मदतनीस श्री. पावसकर यांनी परवानगीविना बसवलेल्या वस्तूमुळे यंत्रणेचे मापन दूषित झाले व सदर अपघात घडला.’

“खोटं आहे का काही यात?” केळशीकरांनी विचारले.

“नाही. पण टायर होता तोपर्यंत अडीच वर्षांत कुणी पडलं नाही, सर. काढल्यावर पहिल्या बोटीला पडले.”

“तेच तर म्हणतो मी. लावला त्यानं, काढला त्यानं. दोन्ही बाजूंनी तोच.” ते खुर्चीत मागे रेलले. “पण कालच का काढावा त्यानं? अडीच वर्षं सुखानं लोंबत होता. कुणी सांगितलं का त्याला?”

बाहेरच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजत राहिला होता.

“विचारते,” प्रणिता म्हणाली.

तो शब्द तोंडातून गेला आणि तिला एकदम थकल्यासारखे झाले. ती खोटे बोलली नव्हती. खरे बोलण्याची एक संधी मात्र तिने हातची घालवली होती, आणि केळशीकरांनी ती गेलेली पाहिलीही नव्हती.

“विचारा. बाकी आपल्या हातात फार काही नाही. फार तर निलंबन होईल, पेन्शन अडकेल. पोलिसांचं वेगळं. बाई वाचली तर एक कलम, नाही वाचली तर दुसरं.” त्यांनी घड्याळ बघितले. “मला गुरुवारी दुपारपर्यंत अहवाल पाहिजे. परीक्षकांची फेरी मी पुढं ढकलली आहे. आणि तोडणकर, जरा झोपा. डोळे बघा तुमचे.”

•

बुधवारी सकाळी ती जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात गेली. नियमाप्रमाणे जखमीची उंची, वजन, उभे राहण्याची जागा अहवालात लागते. मंगलाताई अतिदक्षता विभागात होत्या. शुद्ध आली नव्हती. दाराबाहेर त्यांची मुलगी अश्विनी बसली होती; पुण्यात औषधांच्या दुकानात काम करणारी, सव्वीस-सत्तावीसची. रात्रभर प्रवास करून आली होती आणि अंगावरचे कपडे तेच होते.

तिने प्रश्नांची उत्तरे सरळ दिली. उंची पाच फूट एक. वजन अठ्ठावन्न. आई नेहमी दाराशीच उभी राहायची, पहिली उतरायला. अंगणवाडीचं कुलूप तिच्याकडे.

मग ती म्हणाली, “मी एक विचारू? आईला किती जोरात लागलं? डॉक्टर सांगत नाहीत. म्हणतात, ते मोजायचं काम आमचं नाही. तुमचं आहे ना?”

प्रणिताने ते रात्रीच काढले होते. न काढता राहवले नव्हते. उभ्याने पडलेल्या माणसाचे डोके जमिनीशी येईतो सेकंदाला चार मीटर वेग घेते. डोक्याचे वजन साडेचार किलो. लोखंडावर थांबायला सहा सहस्रांश सेकंद.

“सरासरी तीन हजार न्यूटन,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तीनशे किलोचं ओझं. पापणी लवते त्याहून कमी वेळ.”

“सरासरी म्हणजे मधे त्याहून जास्तही असणार.”

“हो.”

अश्विनीने थोडा वेळ हातातल्या बाटलीचे झाकण फिरवले. “त्या खुंटावर काही गुंडाळलेलं असतं तर?”

“गोधडीची घडी असती तरी बल दहाव्या हिश्श्यावर आलं असतं.”

“गोधडी,” अश्विनी म्हणाली. “घरात सात आहेत. तिनेच शिवलेल्या.” आणि मग, आवाज न चढवता, “बोट सगळं मोजते म्हणतात. जेट्टी मोजते, पाणी मोजते. माझी आई उभी आहे की बसली आहे एवढं तिला मोजता येत नाही?”

“येतं. तिला ते विचारायला कुणी सांगितलं नाही.”

“चूक कुणाची आहे?”

“लिहितेय.”

“लिहून झालं की आधी मला पाठवा. पेपरात वाचायला लावू नका.”

प्रणिताने तसे कबूल केले.

•

बोटसेवा बंद होती. त्यामुळे बुधवारी दुपारी धाकू पावसकर भावाची होडी घेऊन माणसे पलीकडे सोडत होता. प्रणिता खारवण्याच्या धक्क्यावर थांबली आणि तो फणसोट्याला पुन्हा निघाला तेव्हा होडीत उतरली. दुसरे कोणी नव्हते.

“मधे बस. कडेला नको. तुमच्या बोटीसारखी ही सांभाळून घेत नाही कुणाला.”

तिने ऐकून घेतले. दहा-बारा वल्ही झाल्यावर ती म्हणाली, “तात्या, मी अहवालात लिहिणार आहे. टायर तुम्ही माझ्या सांगण्यावरून काढलात म्हणून.”

“तू कधी सांगितलंस?”

“सोमवारी. चहा पिताना.”

“चहा पिताना माणूस काय काय बोलतो. मी परवा चहा पिताना म्हटलं की लेकाला दुबईहून परत बोलावतो. बोलावला का?”

“तात्या, थट्टा नको.”

“थट्टा कसली? अगो, अठरा वर्षं तुझ्या बापाचं ऐकलं. आता तुझं ऐकून दोऱ्या सोडीन होय? टायर माझा. लावावासा वाटला, लावला. काढावासा वाटला, काढला.”

“मग हे पोलिसांना सांगाल?”

“मला कोण विचारतंय अजून.” त्याने वल्ह्याला जोर दिला. “आणि विचारलं तर काय करतील? पाच महिने राहिलेत. उरलेल्या दिवसांत होडी वल्हवीन. ही बघ, चालते की नाही? तुझं तसं नाही. तुझी सोळा वर्षं आहेत अजून.”

“चूक माझी आहे. मी नोटीस काढायला हवी होती. लेखी.”

“काढली असतीस तर मी फाडून पाण्यात टाकली असती.”

“फाडली असती तरी बोटीला कळलं असतं.”

धाकूचे वल्हे पाण्यातच राहिले. “काय कळलं असतं?”

“नोटिशीची नोंद झाली की बोट हळू होते. पहिल्या महिन्यात यायची तशी. आपोआप. मंगळवारी ती तशीच आली असती. धपकन लागली असती, पण असं कुणी पडलं नसतं.”

“एका कागदानं?”

“एका कागदानं.”

होडी प्रवाहाने थोडी आडवी झाली. त्याने ती सरळ केली नाही.

“मग लिहिला का नाहीस?”

“तुमच्या सेवापुस्तकात लागला असता.”

धाकूने तिच्याकडे बघितले. तिला वाटले तो ओरडेल. ओरडला असता तर तिला बरे वाटले असते. त्याने वल्ही उचलली आणि होडी थेट फणसोट्याच्या धक्क्याला नेली. धक्क्यावर तीन बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्याने त्यांच्या पाट्या आत घेतल्या, एकीला हात दिला आणि प्रणिताला म्हणाला, “उतर, बाय. जागा लागेल.”

तिला खरे तर परत खारवण्यालाच जायचे होते. ती उतरली आणि पुलावरून फिरून, सत्तावीस किलोमीटर, रिक्षाने घरी आली.

•

अहवाल तिने गुरुवारी सकाळी सहाला लिहायला घेतला आणि पावणेअकराला संपवला. नऊ पाने झाली. पहिल्या सहा पानांत आकडे होते. सातव्यावर टायरची हकीकत होती. टायर अनधिकृत, पण प्रत्येक वेगाला बसणारा धक्का चौथ्या हिश्श्यावर आणणारा. बोटीने ती सवलत वेगात खर्च केली आणि तपासनिसाने वेगाची नोंद कधीच उघडून पाहिली नाही, असे तिने लिहिले. आठव्या पानावर हे होते:

‘दि. १३ रोजी दुपारी साडेतीन वाजता मी, प्रणिता आबासाहेब तोडणकर, श्री. पावसकर यांना टायर काढण्यास तोंडी सांगितले. लेखी नोटीस काढणे व यंत्रणेत नोंद करणे हे माझे काम होते. ते मी जाणूनबुजून केले नाही. नोंद केली असती तर बोटीचा वेग पंधरावर आला असता व सरासरी बल बारा हजारांच्या वर गेले नसते.’

‘जाणूनबुजून’ हा शब्द तिने दोनदा खोडला आणि दोनदा परत घातला. कारण लिहिले नाही. कारणासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने अहवाल मंडळाकडे पाठवला. एक प्रत पोलीस ठाण्याला आणि एक, कबूल केल्याप्रमाणे, अश्विनीला. केळशीकरांचा फोन सात मिनिटांत आला.

“तोडणकर, आठवं पान काढून परत पाठवा. मी अजून पोच दिलेली नाही.”

“प्रती गेल्या आहेत, सर.”

“कुठे?”

तिने सांगितले.

“मी परवा विचारलं तेव्हा तुम्ही ‘विचारते’ म्हणालात.”

“हो.”

“मग आता कुणाचा कशावर विश्वास बसणार?” केळशीकरांच्या आवाजात राग नव्हता, तेही दमले होते. “घरी थांबा. कामावर येऊ नका. पत्र येईल.”

दुपारी चारला पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. तपास करणारे उपनिरीक्षक तरुण होते आणि त्यांना भौतिकशास्त्र येत होते. त्यांनी सहा पाने आधीच वाचून ठेवली होती.

“आकडे पटले, मॅडम. मीसुद्धा करून बघितले. आठव्या पानाचं मात्र अवघड आहे.” त्यांनी दुसरी फाइल उघडली. “धाकू पावसकर आज सकाळी साडेनऊला स्वतःहून आले होते. जबाब देऊन गेले. वाचतो. ‘टायर मी लावला व मीच काढला. कोणी सांगितले नाही. सोमवारी तोडणकर मॅडम जेट्टीवर आल्या होत्या. आम्ही चहा घेतला. टायरविषयी काही बोलणे झाले नाही. मॅडमना टायर माहीत नव्हता.’ खाली सही. अंगठा नाही, सही.”

“त्यांना सही येते,” प्रणिता म्हणाली. “माझ्या वडिलांनी शिकवली.”

“टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणतो, दोघं बोलत होते, काय ते ऐकलं नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्यात तुम्ही दोघं दिसता, आवाज नाही. तुमचा अहवाल गुरुवारचा, त्यांचा जबाबही गुरुवारचा. मंगळवारी नि बुधवारी कोणीच काही बोललेलं नाही.” त्यांनी फाइल मिटली. “तुमच्या दोघांपैकी एकाचं खोटं आहे, मॅडम.”

“माझं नाही.”

“दुपारी त्यांना फोन करून विचारलं. तेही हेच म्हणाले.”

ठाण्यातून बाहेर पडल्यावर तिने धाकूला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा रिंग पूर्ण वाजली.

शुक्रवारी मंडळाने प्रणिता तोडणकर आणि धाकू पावसकर या दोघांनाही चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवल्याचे जाहीर केले. चौकशीची तारीख २७ ऑक्टोबर आहे. उरलेल्या अकरा जेट्ट्यांवरच्या बोटी पंधराच्या वेगावर आणल्या आहेत. खारवण्याची सेवा बंदच आहे. धाकूने जबाब कशासाठी दिला हे त्याने कोणाला सांगितलेले नाही. तिला वाचवायला, की कोणाच्या सांगण्यावरून आपण दोरी सोडली असे आयुष्याच्या शेवटी कागदावर येऊ नये म्हणून, हे प्रणितालाही ठरवता आलेले नाही.

मंगला आयरे यांची शुद्ध परत आलेली नाही. शुक्रवारी दुपारी उजव्या हाताची बोटे हलली, असे परिचारिकेने घरच्यांना सांगितले. डॉक्टरांनी त्याची नोंद केली, अर्थ सांगितला नाही.

त्याच संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी अश्विनीचा निरोप आला. पोलिसांनी तिला दोन्ही कागद दाखवले होते. तिने एकच ओळ लिहिली होती : ‘सोमवारी तुम्ही त्यांना खरंच सांगितलं होतं का?’

प्रणिताने ‘हो’ लिहून पाठवले. सहा वाजेपर्यंत ते उत्तर वाचले गेल्याची खूण आली नव्हती.